झेरॉक्स नव्हे, झेरॉसिस!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन वर्षांच्या एका मुलाचे डोळे तपासून मी कागदावर निदान लिहून दिले. थोड्या वेळाने मुलाचे वडील परत आले. ‘‘डॉक्टरसाहेब, यावर झेरॉक्स लिहिलंय. कशाची काढून आणू?’’ कागदावर शब्द होता ‘झेरॉसिस’.

मला हसू आले. पण त्यांची चूक फार मोठी नव्हती. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. ग्रीक भाषेत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली कोरड्या भुकटीने प्रत काढण्याची रीत शोधली. पुढे तिला ‘झेरोग्राफी’, म्हणजे कोरडे लेखन, हे नाव मिळाले आणि त्यातून ‘झेरॉक्स’ आले. वैद्यकात त्वचा किंवा डोळ्याचे आवरण कोरडे पडले की झेरॉसिस, तोंड कोरडे पडले की झेरोस्टोमिया. डोळ्याच्या या विकाराला झेरॉफ्थॅल्मिया म्हणतात.

मात्र या नावाने फसगत होते. डोळा कोरडा, तर ओलावा द्यावा, असे वाटते. त्या मुलाच्या डोळ्यांतही घरच्यांनी महिनाभर गुलाबपाणी घातले होते. खरे कारण असते ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता. आधी मूल संध्याकाळी अडखळते, ताट चाचपडते. हा रातांधळेपणा होय. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात. पुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडला, तर काही दिवसांतच दृष्टी जाऊ शकते. गोवर किंवा जुलाबानंतर हा धोका वाढतो.

अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये. मात्र तो मनाने जास्त देऊ नये. अतिरेक अपायकारक असतो. आहारात शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेली पपई, आंबा, दूध, अंडी असावीत. पालेभाजीला थोडे तेल हवेच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

त्या मुलाची दृष्टी वाचली. तेव्हापासून मी ‘झेरॉसिस’खाली मराठीत लिहितो : ‘अ’ जीवनसत्त्व कमी आहे, आजच डोस द्या.