सांधेदुखी : जडीबुटीचीही परीक्षा हवी

सकाळी तासभर बोटं आखडलेली, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, कणीक मळणं मुश्कील. ही लक्षणं आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची असू शकतात. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट अधिक होतो.

आपल्या घरांत यावर माजून सुरंजान, कलौंजी, हळदीचं दूध चालतं. विदर्भाच्या जंगलांतल्या सालईचा डिंकही यासाठी वापरतात. पण ‘शेजारच्या खालांना गुण आला’ एवढा पुरावा पुरेसा आहे का?

पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांनी हे तपासलं. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं औषध 182 रुग्णांवर 16 आठवडे अजमावलं. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णांना किंवा डॉक्टरांना माहीत नव्हतं. 2000 साली निकाल छापून आला. औषध घेणाऱ्यांपैकी 39 टक्के रुग्णांना आराम पडला, नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी 30 टक्क्यांना! सांध्यांची सूज औषधाने थोडी अधिक उतरली, पण एकूण फरक लहानच.

म्हणून जडीबुटीला नावं ठेवू नका, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्याही बंद करू नका. पहिल्या एक-दोन वर्षांतच सांधे झिजू लागतात आणि वाकडी झालेली बोटं सहसा सरळ होत नाहीत. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे लवकर दाखवा आणि घरी काय काय घेता, तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दुआ करावीच, पण दवाही पारखून घ्यावी.