वाड्यातलं भूत आणि दाराचं कुलूप

भुताच्या चित्रपटावर मत विचारलं, की आपला प्रेक्षक दोन शब्दांत निकाल लावतो. ‘भीती वाटली’ किंवा ‘काही दम नाही’. कौटुंबिक चित्रपटावर जेवणं आटोपल्यावरही तासभर वाद रंगतो, ऐतिहासिक चित्रपटावर तर हातघाईची वेळ येते. भुताचा चित्रपट मात्र बिचारा शाळेतल्या परीक्षेसारखा, पास नाहीतर नापास. आमच्या सिंधुदुर्गात गेली काही वर्षं या प्रश्नाला एक तिसरं उत्तर ऐकू येतं. ‘हे आमचंच घर दाखवलंय!’ कुणी हे रागानं म्हणतं, कुणी कौतुकानं, कुणी जरा आवंढा गिळून. झपाटलेल्या वाड्याच्या गोष्टीबद्दल प्रेक्षकाला नेमकं काय वाटतं, हे समजून घ्यायचं असेल तर या तिन्ही स्वरांकडे कान द्यायला हवा.

याला निमित्त झालं ते मोठ्या पडद्यापेक्षा छोट्या पडद्याचं. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. लेखन प्रल्हाद कुडतरकर यांचं, दिग्दर्शन राजू सावंत यांचं. मालिकेचं नाव घेतलं होतं १९७६ सालच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या मराठी चित्रपटातल्या गाण्यावरून. चित्रीकरण झालं कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावी, एका खऱ्याखुऱ्या जुन्या घरात. कथा थोडक्यात अशी : घरातले कर्ते अण्णा नाईक वारतात, मुंबईला असलेला मुलगा बायकामुलांसह गावी येतो, सगळं गणगोत एका छपराखाली जमतं आणि मग त्या वाड्यात एकामागून एक विपरीत गोष्टी घडू लागतात. पुढे २०१९ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला, तो अण्णांच्या हयातीतला. २०२१ मध्ये तिसरा आला, तेव्हा वाड्याला अवकळा आली होती.

मालिका सुरू झाली आणि जिल्ह्यात दोन तट पडले. एक तट चिडलेला. कोकण म्हणजे भुतंखेतं, करणी, देवदेवस्की एवढंच का? ही बदनामी आहे, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. दुसरा तट हरखलेला. आपली भाषा, आपली तुळस, आपले चिरे, आपली माडांची बाग रोज रात्री साडेदहाला अख्खा महाराष्ट्र बघतोय, याचंच त्यांना अप्रूप. मौज अशी, की पुष्कळ घरांत हे दोन्ही तट एकाच बाकड्यावर शेजारी बसून मालिका बघत होते! थोड्याच दिवसांत आकेरीला ‘अण्णांचा वाडा’ बघायला पर्यटक येऊ लागले. रामेश्वराच्या देवळात हात जोडायचे आणि वाड्यासमोर फोटो काढायचा, असा नेमच होऊन गेला.

चिडलेल्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, तेव्हा कुठं आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, अमुक एक बाई करणी करते असं म्हणून तिचं जगणं अवघड करणं, हे या कायद्यानं गुन्हे ठरवले. हे गुन्हे कायद्यात लिहावे लागले, कारण ते घडत होते. घरातलं दुभतं आटलं, पोरगं आजारी पडलं, की शेजारच्या खळ्यातल्या भावजयीकडे संशयानं बघणारे डोळे अजून मिटलेले नाहीत. तेव्हा ‘करमणूक म्हणून बघा नि सोडून द्या’ हे सांगणं शहरातल्या दिवाणखान्यात सोपं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी मला सुनावलं ते असं, “तुमी बघतलास नि मुंबयक जातलास. आमका हयसरच रवाचा आसा.”

पण गुरुजी मालिका चुकवत नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. विचारलं तर म्हणाले, पहिला भाग चांगला होता, कारण त्यात भूत नव्हतं. हे त्यांचं मत मी नंतर कितीतरी जणांकडून ऐकलं : मालवणच्या मासळीबाजारात, एस.टी.त शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलींकडून, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून. पहिल्या भागात हे सारं भुताचं की माणसाच्या हातचं, हा प्रश्न बराच काळ टांगता राहिला. तिसऱ्या भागात मेलेली माणसं सरळ समोर येऊन बोलू लागली. प्रेक्षकांनी ते पाहिलंही, पण ‘पहिल्यासारखी मजा नाही’ असं म्हणत म्हणत.

प्रेक्षक हे म्हणतो तेव्हा तो भयपटाचं मूळ सूत्रच आपल्या शब्दांत सांगत असतो. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून रॉबर्ट वाइज यांनी १९६३ मध्ये ‘द हाँटिंग’ हा चित्रपट केला. जगभरच्या वाड्याच्या चित्रपटांत तो आजही मानाचा. त्यात भूत कुठं दिसतच नाही. दारावर धडका बसतात, लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, बस्स! पुढचं काम प्रेक्षकाचं मन करतं. आपल्याकडे कमाल अमरोहींच्या ‘महल’नं १९४९ मध्ये हेच केलं. रिकामी हवेली, हलणारा झोपाळा आणि कुठून येतो ते न कळणारा एक आवाज, एवढ्या भांडवलावर माणसं थिएटरात श्वास रोखून बसली.

या कामी कोकणातल्या घराइतका मदतनीस दुसरा नाही. दिवसभर उन्हात तापलेले नळे रात्री निवताना कडकड वाजतात. पावसात वासे फुगतात, उन्हाळ्यात आखडतात आणि दोन्ही वेळा कुरकुरतात. पहाटे झावळी पडते ती थेट कुणी उडी मारल्यासारखी. खळ्यातून पडवी, पडवीतून लोटा, लोट्यावरून माजघर. एकेक पायरी आत जावं तसा उजेड कमी होत जातो. घर बांधणाऱ्यानं हे उन्हापासून आणि पावसाच्या झडीपासून आडोसा म्हणून केलं. छायालेखकाला ते आयतं सापडलं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात पावसाला जवळजवळ एका पात्राचं काम आहे, आणि तो पाऊस मिळवण्यासाठी चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं होतं. पहिल्या वेळी बेताचा चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. प्रेक्षकांना त्यातला हस्तर आठवतोच, पण अधिक आठवतो तो ओला, काळा वाडा आणि त्यात पुन्हा पुन्हा उतरणारा माणसाचा लोभ.

आणखी एक गोष्ट मला इथल्या प्रेक्षकांनी शिकवली. मालवणी बोली रंगभूमीवर गाजली ती हसवण्यासाठी. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेलं गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्यानिमित्तानं उडवलेली धमाल, हे तर सर्वांना ठाऊक. आमच्या दशावतारातला संकासुर वेद पळवणारा राक्षस खरा, पण तो मालवणीत बोलू लागला की अख्खी जत्रा हसते. अशा बोलीत कुणी हळू आवाजात ‘मागच्या दारी कोण उभा आसा?’ असं विचारतं, तेव्हा अंगावर काटा येतो. पुण्या-नागपूरकडच्या पाहुण्यांना ही नवी गंमत वाटली. इथल्या माणसाला ती नवी नव्हती. लहानपणी कंदिलाच्या उजेडात आजीनं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी याच बोलीत होत्या.

मात्र आजीच्या त्या गोष्टींतलं भूत आणि पडद्यावरचं भूत यांत फरक आहे, आणि जाणती माणसं तो लगेच दाखवून देतात. आमच्याकडच्या अदृश्य मंडळींत सगळेच छळवादी नाहीत. देवचार आणि राखणदार हे तर गावाचे पहारेकरी. रात्री वाट चुकलेल्याला ते काठी आपटत घरापर्यंत पोचवतात, अशी समजूत. मुंजा पिंपळावर बसतो, पण त्याच्या गोष्टीत भीतीइतकीच कीव असते. मुंज होऊन संसार न पाहता गेलेलं पोर ते. चिं. त्र्यं. खानोलकरांसारख्या याच मातीतल्या लेखकानं कोकणातला अंधार लिहिला, तोही माणसांच्या अतृप्त इच्छांनी भरलेला होता. या साऱ्या कल्पना खऱ्या मानायचं कारण नाही. पण त्यांत एक हिशेब दिसतो. ज्याच्यावर अन्याय झाला, ज्याचं काही द्यायचं राहून गेलं, ते गप्प बसत नाही.

आणि इथं आपण घरापाशी येतो. अण्णा नाईकांच्या वाड्यात सगळे का जमतात? अण्णांच्या दिवसकार्याला. मग ताटल्याबरोबर जुने हिशेबही बाहेर निघतात. कुणाला किती वाटा, कुणाचं नाव कागदावर, कोणती जमीन कुणी परस्पर दिली. इथल्या प्रेक्षकाला बाहुल्या आणि नारळ बघून भीती वाटली नसेल एवढी या बोलण्यानं वाटली असणार. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर आज अकरा नावं आहेत. त्यांतली चार माणसं हयात नाहीत, दोघांना मी पाहिलेलं नाही. मागल्या बाजूची भिंत दुरुस्त करायची तर कुणाला विचारायचं, यावर तीन गणपती गेले. अशी घरं गावोगाव आहेत.

हे काही माझं एकट्याचं रडगाणं नाही. जनगणनेचे आकडे पाहा. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात माणसं कमी झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली, पण त्या गाडीनं माणसं आणली तशी नेलीही. मागे राहिली ती मोठमोठी घरं, आणि त्यांत एखाददुसरं म्हातारं माणूस.

माझी काकू अशाच घरात एकटी राहते. चौदा माणसांच्या पंगती उठलेलं घर. आता एक ताट. मालिका चालू होती तेव्हा ती रोज रात्री दिवे मालवून ती बघायची. आम्ही मुंबईहून फोनवर काळजीनं विचारायचो, ‘काकी, एकटी असताना कशाला बघतेस? भीती नाही वाटत?’ एकदा तिनं उत्तर दिलं ते असं, “भुताचा काय घेवन बसलास? ता घर बघ कसा भरलेला आसा. भांडतत, पण आसत तरी.”

मी बऱ्याच परीक्षणकारांचं लेखन वाचतो. झपाटलेल्या वाड्यावर याहून नेमकं मत मी वाचलेलं नाही. आम्हाला तो वाडा भुतानं भरलेला दिसत होता, तिला माणसांनी भरलेला दिसत होता. आमची भीती तासाभरात संपायची. मालिका संपल्यावर टी.व्ही. बंद केला की तिच्याकडे जी शांतता पसरायची, तिला शेवटचा भाग नव्हता.

म्हणूनच बदनामीची तक्रार करणाऱ्यांना आणि कौतुक करणाऱ्यांना, दोघांनाही माझं एक सांगणं आहे. चित्रपट असो वा मालिका, जरूर बघा; घाबरा, हसा, नावं ठेवा. भगताच्या दारी तेवढं जाऊ नका. पण ‘हे आमचंच घर’ असं मनात आलं, तर त्या घराचं काय चाललंय याची चौकशी करा. चिऱ्याचं घर भुतानं पडत नाही. चूल पेटत नाही म्हणून धूर लागत नाही, धूर लागत नाही म्हणून वाशांना वाळवी लागते. पावसाआधी नळे परतायला कुणी नसतं म्हणून एका जागी गळतं, आणि त्या एका गळतीनं दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते. मग गाव त्या पडक्या घराकडे बोट दाखवून म्हणतं, तिकडे रात्रीचं जाऊ नये. झपाटलेला वाडा तयार होतो तो असा. त्याला लेखक लागत नाही, दिग्दर्शकही लागत नाही.

उपाय मंत्रतंत्राचा नाही, कचेरीतला आहे. वारसांची नोंद लावून घ्या. भाऊबंदांना एका दिवशी एका जागी बसवा. भांडण झालं तरी चालेल, तेवढ्यापुरतं घर भरेल. ज्याला राहायचं आहे त्याला दुरुस्तीची संमती लिहून द्या. आमच्या अकरा नावांपैकी हयात असलेल्या सातजणांनी यंदा शिमग्याला गावी जमायचं ठरवलं आहे. काय होईल ते होवो. काकूनं मात्र आत्तापासून सात ताटं घासूनपुसून ठेवली आहेत.