खांद्यावर पेलणारा कॅमेरा

लग्नसराईत फुलसावंगीसारख्या गावात छायाचित्रकाराचा कॅमेरा हळदीपासून पाठवणीपर्यंत अंगावरच असतो. कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क फोर’ बॅटरीसह सुमारे ८९० ग्रॅमचा, तर ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ ‘मार्क थ्री’ लेन्स १,४८० ग्रॅमची. हे सव्वादोन किलोंहून जास्त ओझं कंपनीने दिलेला पट्टा थेट मानेवर टाकतो.

त्यावर उपाय म्हणजे स्लिंग पट्टा. तो जानव्यासारखा तिरपा घालायचा. भार खांद्यावर येतो, कॅमेरा कमरेशी लटकतो आणि फोटोच्या वेळी पट्ट्यावरून सरकत डोळ्यापर्यंत येतो. खांद्यावरची गादी मात्र जागची हलत नाही.

खरी पारख जोडणीची. बरेच पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या पाव इंची आट्यात, स्क्रूने बसतात. चालताना हा स्क्रू सैल होऊ शकतो. म्हणून तो अधूनमधून पिळून पाहावा आणि जोडीला सुरक्षादोरी असलेला पट्टा घ्यावा. जड लेन्सला स्वतःची ट्रायपॉड कडी असेल, तर पट्टा तिथेच अडकवावा. नाहीतर सगळा ताण लेन्स आणि कॅमेऱ्याच्या सांध्यावर येतो. ‘पीक डिझाइन’च्या पट्ट्यांना दोरीच्या छोट्या फासांची जोडणी असते. ते फास कॅमेऱ्याच्या बाजूच्या कड्यांतही बसतात, त्यामुळे ट्रायपॉडचा आटा मोकळा राहतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात गादी रुंद, पण हवा खेळणारी हवी. पट्ट्याची लांबी दुकानातच, लेन्स लावून तपासावी: चालताना कॅमेरा मांडीवर आपटता कामा नये. टिपेश्वरच्या जंगलसफारीत, जिप्सीच्या धक्क्यांत, पट्टा आखूड करून कॅमेरा छातीशी धरलेला बरा.