गोड किती, की कितीदा?

दात किडतो तो आम्लामुळे. साखर हा जीवाणूंचा कच्चा माल. दातांवरील चिकट थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमल या टणक आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ अर्ध्या-एक तासात आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत बसवते. जेवणातल्या श्रीखंडाने हे चक्र एकदाच फिरते. तेवढीच साखर गोळ्या चघळत दिवसभर खाल्ली तर लाळेला उसंतच मिळत नाही.

याचा सज्जड पुरावा स्वीडनमध्ये लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात मिळाला. १९४५ नंतर तेथील मतिमंद रुग्णांवर आहाराचे प्रयोग झाले. काहींना दाताला चिकटतील अशा मुद्दाम बनवलेल्या टॉफ्या, दिवसाला २४ पर्यंत, दिल्या गेल्या. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या टॉफ्यांनी झपाट्याने वाढली. रुग्णांची संमती कोणी घेतली नव्हती. किडून गेलेले त्यांचे दात परत येणार नव्हते.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना निष्कर्षाबरोबर हेही शिकवले जावे, असे आम्हाला वाटते. दात कोरून भरण्याचे कसब सरावाने येते, "दोन जेवणांच्या मध्ये काय खाता?" हे विचारायची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. 'गोड कमी खा' हा सल्ला अर्धाच. स्वीडनमध्ये पुढे मुलांना गोळ्या फक्त शनिवारी द्यायची प्रथा रुजली, ती याच निष्कर्षावरून.