वाटीभर बर्फ, मूठभर मीठ

दूध नासलं तेव्हा मी उन्हाळ्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशी मोड आलेली मटकी चिकट झाली, तेव्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हात घालून पाहिला. आत गारवा नव्हताच. वर फ्रीजरमध्ये मात्र बर्फ दगडासारखा घट्ट. पहिला मेकॅनिक आला, त्याने दार उघडलं, लावलं आणि सांगितलं, ‘‘गॅस गेलाय. बारा वर्षांचं मशीन आहे, आता नवंच घ्या.’’

दुसरा आमच्या भिवंडीतल्या टेमघरातलाच, कल्याण रोडला लागून असलेल्या गल्लीतला. त्याने आल्या आल्या पिशवी उघडली नाही. आधी विचारलं, ‘‘वहिनी, आतल्या पंख्याचा आवाज नेहमीसारखा येतो का?’’ आठवडाभर काहीतरी घासल्यासारखा येतोय, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘‘मग मागचा पत्रा काढूनच बघू. गॅस काही वापरून संपत नाही. कुठे गळला तरच कमी होतो.’’

आमचा फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री. यात सगळा गारवा तयार होतो तो एकाच ठिकाणी, फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या कॉइलवर. पंखा तिथली गार हवा फ्रीजरमध्ये आणि एका बोळातून खालच्या कप्प्यांत ढकलतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर हिम होऊन बसतं. म्हणून कॉम्प्रेसर आठ-दहा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीस-पंचवीस मिनिटं चालू करतो. हिम वितळतं, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने हळूहळू उडून जातं. घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पत्रा निघाला आणि आतली कॉइल दिसलीच नाही. वरपासून खालपर्यंत पांढरी भिंत. पंख्याचं पातं त्या हिमाला घासत होतं. तो म्हणाला, ‘‘हे बघा, सगळीकडे सारखा बर्फ आहे. गॅस कमी असता तर कॉइलच्या एका कोपऱ्यालाच बर्फ धरला असता, बाकीची कोरडी राहिली असती.’’ गारवा तयार होत होता, पण हवेला वाटच उरली नव्हती. नव्या फ्रिजचा खर्च मनात धरून बसलेल्या माझ्यासाठी त्याचं ते बोलणं फार मोठं होतं.

बर्फ खरवडायला मी सुरी पुढे केली, तर त्याने हात आडवा धरला. ॲल्युमिनियमच्या नळीला टोक लागलं तर खरोखरच गॅस जातो. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर आर-६००ए लिहिलेलं होतं. हा आयसोब्युटेन. घरच्या फ्रिजमध्ये तो थोडाच असतो, पण जळणारा असतो. त्यामुळे हे काम घाईने उरकायचं नसतं. मगाने कोमट पाणी ओतत, खाली फडकी पिळत आम्ही पाऊण तास घालवला.

मग मल्टिमीटर निघाला. आधी हीटर. मीटरवर साडेतीनशे ओहमच्या आसपास आकडा आला. २३० व्होल्टवर हा दीडशे वॉटचा हीटर होतो, म्हणजे तो शाबूत. थर्मल फ्यूजही शाबूत. टायमरचा खाचेचा दांडा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवला, ‘टक्’ आवाज आला, तोही ठीक. उरला बायमेटल. दोन रुपयांच्या नाण्याएवढी ही चकती कॉइलच्या नळीला चिमट्याने धरून असते. कॉइल थंडगार असते तेव्हा ती वीज हीटरकडे जाऊ देते, हिम वितळून कॉइल उबदार झाली की तोडते. खोलीच्या तापमानाला ती वीज तोडूनच असते, म्हणून टेबलावर तपासून काही कळत नाही.

‘‘खडेमीठ आहे का वहिनी?’’

मी बर्फाच्या वाटीत मूठभर मीठ टाकून दिलं. लहानपणी पॉटचं आईस्क्रीम करताना आम्ही बर्फात मीठ घालायचो ते याचसाठी. नुसता बर्फ शून्यावर थांबतो, मीठ पडलं की पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. बायमेटलला तेवढीच थंडी लागते. त्याने जुना बायमेटल वाटीत पुरला, मीटरची टोकं तारांना लावली. पाच मिनिटं झाली, मीटर गप्प. मग पिशवीतला नवा पुरला. तिसऱ्या मिनिटाला आतून बारीकसा ‘टिक’ आणि मीटर वाजायला लागला. दोनशे रुपयांच्या आतला तो पार्ट. त्याच्यापायी फ्रिज भंगारात जाणार होता.

जुन्या तारा कापून, नव्या जोडून, पाणी शिरू नये म्हणून सांध्यावर नळी चढवून त्याने पत्रा बसवला. मी विचारलं, लोक थेट गॅसच का भरतात? तो शांतपणे म्हणाला, ‘‘बर्फ वितळवून पंखा चालू केला की तसाही आठवडाभर गार होतो. लोकांना वाटतं गॅसने झाला.’’

भिवंडीला दुरुस्तीचं हे काम परकं नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग या गावात आले आणि पिकर, शटल, दातेरी चाकं बदलत वर्षानुवर्षं कापड विणत राहिले. मागाची खटखट जराशी बदलली की माग दुरुस्त करणारा जॉबर उठतो आणि कुठला भाग झिजला ते कानाने ओळखतो. आज याच तालुक्यातल्या गोदामांतून नवा माल ट्रक भरभरून बाहेर पडतो. नवं मागवणं इतकं सोपं झालेलं असताना जुन्या यंत्राला नीट प्रश्न विचारणारा माणूस गल्लीत असणं, ही मला मोठी गोष्ट वाटते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. ते हवंच. पण कुठला भाग बदलायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे ठरवायला कुणीतरी वाटीत बर्फ घेऊन पाच मिनिटं थांबायला लागतं.

संध्याकाळी, कॉइल पुरती गारठल्यावर, तो बोलावल्याशिवाय परत आला. टायमर फिरवला, हीटरच्या तारेला क्लॅम्प मीटर लावला. आकडा आला ०.६ अँपिअर. मग आम्ही दोघंही फ्रिजच्या मागे वाकून वाट पाहत राहिलो. काही वेळाने ट्रेमध्ये पहिला थेंब पडला.

आता रात्री कॉम्प्रेसर मध्येच गप्प झाला तरी मी दचकत नाही. कान देते. थोड्या वेळाने मागून ‘टप, टप’ येतं आणि मी कूस बदलून झोपते.