आधी काय बिघडलं?

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांची नोंद छापून आली. त्यांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया झाला होता, जो धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. डिसेंबरात डॉ. मायकेल गॉटलिब यांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तातल्या मदतनीस टी-पेशी जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या. लगेच संशय गेला तो राहणीवर! हुंगायचे 'पॉपर्स', वारंवारचे गुप्तरोग यांनी प्रतिकारशक्ती आधीच खचली असावी, असं काहींना वाटलं. तर्क वेडगळ नव्हता. पण त्यात परिणामालाच कारण मानलं गेलं. १९८२मध्ये हिमोफिलियाचे रुग्णही आजारी पडले. त्यांचा संबंध रक्तघटकांच्या इंजेक्शनांशी होता, पॉपर्सशी नव्हे. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत या आजाराचा, म्हणजे एड्सचा, विषाणू सापडला आणि पुढच्या वर्षी कळलं, की तो सीडी४ रेणूला धरून नेमका त्याच मदतनीस टी-पेशींत शिरतो.

मग ज्याच्या-त्याच्या शरीराचा काहीच वाटा नाही? आहे की. गुप्तरोगाच्या जखमा विषाणूला वाट देतात. उलट, १९९६मध्ये असे पुरुष आढळले, ज्यांना वारंवार संपर्क येऊनही लागण झाली नव्हती: विषाणूला पेशीत शिरायला ज्याची मदत होते, त्या सीसीआर५ जनुकाच्या त्यांच्यातल्या दोन्ही प्रती सदोष होत्या. हा दोष समलिंगी नसलेल्यांतही असतो.