फिश टँकच्या स्टँडला दरवाजे लावताय? आधी वजनाचं गणित बघा

टँकखालच्या लोखंडी स्टँडमध्ये फिल्टरच्या नळ्या, वायरी, माशांच्या खाण्याचे डबे असं सगळं उघडंच दिसतं. मग दरवाजे लावायचा विचार होतो. पण ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक काठोकाठ भरला, तर त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच १९० किलो. काच आणि वाळू वेगळीच! हा सगळा भार स्टँडची चौकट पेलते. बिजागरीसाठी तिला भोकं पाडली किंवा दरवाजा बसावा म्हणून मधली पट्टी कापली, तर ती कमजोर होते. चौकट वाकली की काचेला तडा जाऊ शकतो.

लोखंडी स्टँडला सोपा उपाय म्हणजे मॅग्नेट. पातळ प्लायच्या मागे चार कोपऱ्यांत मॅग्नेट बसवले की झाकण चिकटतं आणि हवं तेव्हा निघतं. एमडीएफ स्वस्त असलं तरी पाणी लागलं की फुगतं, त्यामुळे वॉटरप्रूफ प्लायच बरा. मागची बाजू मात्र उघडी ठेवा. बंद जागेत दमटपणा साठतो, एअर पंपालाही हवा लागते. आणि वायर सॉकेटपर्यंत नेताना तिला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळापाशीच गळून पडेल.